मोठा करदोडा

मामा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी कंबरेकडे. मी उंद्रीच्या शाळेत नवीन रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात ते शाळेच्या ओट्यावर पाणी मागायला आले आणि आमच्या हेडमास्तरांच्या पोटाखाली टक लावून उभे राहिले. हेडमास्तर नुकतेच धोतरावरून पँटवर आले होते, त्यामुळे तो प्रदेश आधीच त्यांच्या काळजीचा होता. त्यांनी चुळबूळ केली, शर्ट खाली ओढला, शेवटी खाकरून विचारलं की असं काय पाहता. मामा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, पट्ट्याचं बक्कल ढिलं झालं. शिकवता शिकवता दगा देईन." मी फळ्याकडे तोंड करून हसून घेतलं. मामांची नि माझी ओळख झाली ती अशी.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती आणि उंद्रीला नळाचं पाणी येणार या बातमीने गाव हरखून गेलं होतं. शाळेच्या मैदानापलीकडे पाण्याची टाकी उभी राहत होती. मामा त्या कामावरचे मुकादम. ठेकेदार चिखलीला राहायचा आणि अधूनमधून जीपमधून येऊन, काम लवकर आटपा एवढंच सांगून जायचा. बाकी सगळा कारभार मामांचा. कामावरची झाडून सगळी माणसं त्यांना मामा म्हणायची, मग गावही म्हणू लागलं, आणि महिन्याभरात मीही. त्यांचं खरं नाव मला ठेकेदाराच्या तोंडून एकदाच ऐकायला मिळालं आणि ते मामांना मुळीच शोभत नव्हतं.

टाकीचे खांब आणि वरची गोल टाकी बांधून झाली होती. राहिला होता बाहेरून गिलावा. पण टाकीचा घेर खांबांपेक्षा मोठा, बाहेर आलेला, त्यामुळे बांबूच्या परांचीवरून तिथे हात पोचत नव्हता. त्यासाठी मामांनी पाळणा केला होता. जाड फळ्यांची एक चौकट, तिच्या दोन्ही अंगांना दोर, ते दोर टाकीच्या माथ्यावरच्या कप्प्यांवरून खाली आणलेले आणि खाली हाताने फिरवायचा रहाट. गवंडी मालाचं घमेलं घेऊन पाळण्यात बसायचा, खालची माणसं रहाट फिरवायची आणि तो वर जायचा. माझ्या वर्गाच्या खिडकीतून हे सगळं दिसायचं. चौथीची पोरं त्या दिवसांत भागाकार शिकली नाहीत, यात त्यांचा दोष नव्हता.

या पाळण्यासाठी मामांचा नियम होता. पाळण्यात पाय ठेवायच्या आधी प्रत्येकाने कंबरेला आपला वेगळा दोर बांधायचा आणि त्या दोराचं वरचं टोक पाळण्याला नाही, तर टाकीच्या माथ्यावरच्या लोखंडी कड्याला अडकवायचं, आणि पाळणा वर जाईल तशी त्याची ढील आवळत न्यायची. पाय जमिनीला लागल्याशिवाय गाठ सोडायची नाही. "पाळण्याले बांधान त पाळण्यासंगंच खाली यान," असं ते म्हणायचे. प्रत्येक दोराला ते रोज सकाळी स्वतः लोंबकळून पाहायचे. त्यांचं वजन चांगलं दणदणीत होतं, त्यामुळे त्या तपासणीवर माझा पूर्ण विश्वास होता.

पण माणसं ऐकेनात. विहिरीत उतरलेली, चिंचेच्या शेंड्यावर चढलेली माणसं ती. दोर बांधून चढायचं म्हणजे त्यांना भित्रेपणाचा शिक्का वाटायचा. शिवाय दुसरंही होतं, आणि ते किसनाने बोलून दाखवलं. किसना उंद्रीचाच, हाताने सफाईदार आणि तोंडाने फटकळ असा तरुण गवंडी. एका दुपारी मैदानात सगळ्यांसमोर त्याने दोर फेकून दिला आणि म्हणाला, "जित्या माणसाले कोणी दोरानं बांधते का, मामा? तिरडीवर बांधतेत. मले काऊन मारून राह्यले आताच?"

त्यावर बाकीचेही मागे सरले. मी खिडकीतून पाहत होते. मामा आता चिडणार असं मला वाटलं. ते चिडले नाहीत. त्यांनी आपली बंडी वर केली, कंबरेचा काळा करदोडा बोटाने ओढून दाखवला आणि किसनाला विचारलं, "हा तुह्या मायनं तुले काऊन बांधला बे?"

"लेकरू जगावं म्हून," किसना म्हणाला.

"मंग हा बी त्याच्याचसाठी हाय. हा मोठा करदोडा."

एवढ्यावर सगळं पालटलं. गडी हसले, किसनाही हसला आणि दोर उचलून आला. पण मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्याच शनिवारी त्यांनी मारुतीच्या देवळात नारळ फोडला आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा दोर घरच्या बाईच्या हातून बांधवला. किसनाची आई, सुभद्राबाई, माझ्या खोलीच्या मागेच राहायची. तिने गाठ मारता मारता सांगितलं की हा लहानपणीही असाच वळवळायचा, करदोडा बांधू द्यायचा नाही. सगळं देऊळ हसलं. त्यानंतर कुणालाही दोर बांध म्हणून सांगावं लागलं नाही. सकाळी कामावर आले की गडी दोराला हात लावून कपाळाला लावायचे. कोणी कुणाचा दोर घ्यायचा नाही, कोणी ओलांडायचा नाही.

मामांना याचा फार आनंद होता आणि थोडा गर्वही. शाळेच्या ओट्यावर बसून ते मला म्हणाले होते, "बाई, नियमाले चौकीदार लागते. करदोड्याले नाही लागत." मला ते इतकं पटलं की मी वर्गात लावलेले दोनतीन नियम गोष्टीत बसवून पाहिले. पोरांनी गोष्टी ऐकल्या आणि नियम मोडले. पण तो भाग वेगळा.

मग एक दिवस पाळण्याची एक फळी निसटली आणि किसना खाली गेला. म्हणजे जाणार होता. हातभर खाली आला आणि दोराने त्याला धरलं. तो हवेत गोल गोल फिरत फळीला, रहाटाला, बांधकाम खात्याला अशा काही शिव्या देत होता की मला वर्गाची खिडकी लावून घ्यावी लागली. मामांना मात्र त्यातली एकही नव्हती. खाली उतरल्यावर त्याने आधी मामांच्या पायावर डोकं ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून किसनाच्या दोराला हळदकुंकू दिसू लागलं, आठवड्याभरात सगळ्यांच्याच. मामा ते पाहून गालात हसायचे आणि तपासणीच्या वेळी हात हळदीने पिवळे झाले की धोतराला पुसायचे.

एवढा जीव तोडून हा माणूस दोरामागे का लागला आहे, हे मी एकदा विचारलं. त्यांनी उत्तर टाळलं नाही. पूर्वी एका पुलाच्या कामावर त्यांनी आपल्या बहिणीचा मुलगा, सुखदेव, लावला होता. तो परांचीवरून पडला. मामा एवढंच म्हणाले, "दोर होता, बाई. बंडीत पडेल होता." बंडी म्हणजे बैलगाडी. बहीण साखरखेर्ड्याला दिलेली. मुलाचं प्रेत घेऊन गेले त्या दिवशी मामांनी तिच्यासमोर शब्द दिला होता की यापुढे आपल्या हाताखाली कुठल्या माउलीचं लेकरू पडणार नाही. त्याने आपला सुखदेव परत येतो का, असं विचारून तिने दार लावून घेतलं. तेव्हापासून राखी नाही, भाऊबीज नाही. मामांना सगळे मामा म्हणायचे, पण ज्याने म्हणायचं तो राहिला नव्हता.

म्हणून त्या श्रावणात साखरखेर्ड्याहून निरोप आला तेव्हा ते शाळेत धावत मला सांगायला आले. बहिणीने पोळ्याला बोलावलं होतं. दरवर्षी बैल सुखदेव सजवायचा. तो गेल्यापासून बैलांना नुसती आंघोळ घालून गोठ्यात बांधून ठेवत. या वर्षी तोरणाखाली बैल घेऊन जायला भावाने यावं, असा तिचा निरोप होता. कामावरून एक दिवसही न हललेला तो माणूस दोन दिवसांची रजा मागून घेऊन गेला. जाताना सगळ्यांना बजावून गेला की मी आल्याशिवाय पाळणा हलवायचा नाही. नवा फेटा बांधून ते एस.टी.त चढले. नव्या नवरदेवासारखे लाजत होते.

आमच्याकडे पोळ्याला घरोघर करदोडे बदलतात. जुना काढायचा, वाहत्या पाण्यात सोडायचा आणि घरच्या वडीलधाऱ्याने आणलेला नवा बांधायचा. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे बदलतात. मी चिखलीची, हे मला जन्मापासून माहीत. त्या पोळ्याच्या संध्याकाळी टाकीवरचे गडी हळदकुंकू लावलेले जाड दोर खांद्यावर घेऊन, वाजतगाजत ओढ्याकडे निघाले, तेव्हा ते काय करायला निघाले आहेत हे सगळ्या गावाने पाहिलं. कोणालाही त्यात वावगं दिसलं नाही. जुना करदोडा घरात ठेवायचा नसतो. ओढ्याला पूर होता, दोर क्षणात दिसेनासे झाले. नवे मामा आणणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं, कारण मोठे करदोडे आणणारे वडीलधारे मामाच.

मामांना यातलं काही माहीत नव्हतं. ते साखरखेर्ड्याला बैलांच्या शिंगांना रंग देत होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. मामा पहिल्या गाडीने येणार म्हणून गड्यांनी माल कालवून ठेवला. पण रस्त्यावरच्या नाल्याला पाणी आलं आणि गाडी पलीकडे अडकली. तास गेला, दुसरा गेला. कालवलेला माल घट्ट व्हायला लागला. टाकीच्या वरच्या कडेला थोडीशी जागा तेवढी राहिली होती. किसना म्हणाला की एवढं मी एकटा उरकून येतो. एका म्हाताऱ्या गड्याने त्याला दोराविना जाऊ नको म्हणून हटकलं. त्यावर किसनाने सदरा वर करून कंबरेचा नवा काळा करदोडा दाखवला, आदल्या दिवशी आईने बांधलेला, आणि म्हणाला की मामा येईपर्यंत हा आहे ना. तो चेष्टेत म्हणाला की मनापासून, हे तिथे असलेल्या कुणालाही नंतर नक्की सांगता आलं नाही. किसना वर गेला आणि खाली येताना पावसाने फुगलेला एका अंगाचा दोर कप्पीत अडकला, दुसऱ्या अंगाचा सुटत राहिला आणि पाळणा कलंडला.

मी वर्गात होते. आवाज ऐकून पोरं खिडकीकडे धावली आणि मी त्यांना मागे ओढलं, एवढंच मला सांगता येतं.

मामा नाला उतरल्यावर आले. हातात मोठं फडकं होतं, त्यात बहिणीने टाकीवरच्या सगळ्या भाच्यांसाठी म्हणून बांधून दिलेल्या पुरणाच्या पोळ्या. गर्दी पाहून ते धावले नाहीत, उलट त्यांची चाल मंदावली. किसनाला झाकलं होतं. मामांनी वर टाकीकडे पाहिलं, मग गड्यांच्या कंबरांकडे, एकेकाच्या.

"दोर कुठी हाय?"

 तोच म्हातारा गडी म्हणाला, "मामा, पोळा होता ना. सोडले ओढ्यात."

मामा फडकं घेऊन तसेच खाली बसले. त्यांना कळायला एवढे शब्द पुरे झाले. गडी मात्र अजूनही त्यांच्याकडे असे पाहत होते की नवे कुठे आहेत. मला त्या दिवसाचा आजही संताप येतो आणि तो कुणावर काढावा हे आजही कळत नाही. मामा येण्याआधी पाळणा हलवला ही चूक होतीच, पण दोर सोडताना त्या माणसांनी नियम मोडला नव्हता. करदोडा म्हणून त्यांना जे सांगितलं होतं ते त्यांनी अगदी नीट पाळलं होतं.

चौकशी झाली, साहेब आले, गवंड्याचा स्वतःचा निष्काळजीपणा असं ठरलं. ठेकेदाराने मान डोलावली. मामांनी पहिल्यांदा साहेबाला अडवून सांगितलं की चूक माझी आहे, पण ते ऐकून घ्यायला साहेबाला वेळ नव्हता. सुभद्राबाईकडे गेले तेव्हा मी सोबत होते. ती त्यांच्यावर ओरडली असती तर फार बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमी त माह्या लेकराले एकदा वाचवलं होतं, मामा." मामा उंबऱ्यातच वाकले आणि त्यांना उठवायला मला हात द्यावा लागला.

परतताना मी समजूत घालायला लागले. चांगल्याच हेतूने केलं होतं, वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "बाई, मी दोर बांधा म्हून सांगतलं असतं, त लोकाईनं मले शिव्या देल्या असत्या. पण दोर दोर राह्यला असता. मी गोष्ट सांगतली. गोष्टीले लोक आपलं आपलं जोडतेत."  

मामांनी काम सोडलं नाही. नवे दोर आणले, पण त्यांना नाव दिलं नाही. कोणी हळदकुंकू लावलं तर ते जागच्या जागी पुसून काढायचे. बांधल्याशिवाय पाळण्यापाशी गेलेल्या माणसाला सगळ्यांसमोर घरी धाडायचे, मग तो कितीही जुना असो. हसणं बंद, शाळेच्या ओट्यावर येणं बंद. मला मामा म्हणू नका, मुकादम म्हणा, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. गडी आधी दुखावले, मग चिडले, मग त्यांच्या पाठीमागे नको ते बोलू लागले. टाकी पुरी झाली. नळाला पाणी आलं त्या दिवशी गावाने गुलाल उधळला. मुकादमांचा कुठे पत्ता नव्हता. ते सकाळच्या गाडीनेच निघून गेले होते, आणि माझा निरोपही घेतला नव्हता. मला वाईट वाटलं, राग आला नाही.

पुढे माझी बदली चिखलीला झाली. बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी शाळेतून घरी जाताना बाजार समितीकडे धान्याच्या मोठ्या गोदामाचं काम चाललेलं दिसलं. छपराच्या उंच लोखंडी कैच्यांवर माणसं होती आणि प्रत्येकाच्या कंबरेपासून दोर वर गेलेला होता. खाली शिडीपाशी ते उभे होते, केस पार पांढरे झालेले. मी जाऊन नमस्कार केला, तेव्हा ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. बहिणीची चौकशी केली. ती दर पोळ्याला निरोप धाडते, असं ते म्हणाले. जाता का, विचारलं. त्यांनी मान हलवली. पोळ्याच्या दिवसांत ते काम सोडून कुठेही जात नाहीत.

सुट्टी झाली होती. माणसं एकेक करून खाली उतरत होती आणि जमिनीवर पाय टेकल्यावर गाठ सोडत होती. कोणी त्यांच्याशी बोललं नाही, कोणी रामराम केला नाही. एका तरुण गड्याला त्यांनी दुपारी न बांधता चढला म्हणून सगळ्यांदेखत खाली उतरवलं होतं. त्याने दोर सोडता सोडता, त्यांना नीट ऐकू जाईल अशा बेताने, आईवरून शिवी घातली आणि तो निघून गेला.  मी म्हटलं, "मुकादम, हे तुम्ही ऐकून घेता?"

"देऊ द्या. रोजच देतेत." ते वर बघत होते. मग, मला नव्हे तर स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "किसनानं मले कधी एक शिवी देली नाही, बाई. लय जीव लावला पोरानं."

वर अजून एक जण राहिला होता. मला घरी जायला उशीर होत होता, पण तो खाली येईपर्यंत मीही तिथेच थांबले.